चार ठिपके

आमची आत्या कशालाच घाबरत नाही आणि मी सगळ्यालाच घाबरते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझ्या पाठीवर कायमचा मुक्कामाला आहे. त्यामुळे त्या रविवारी मी किंचाळले तेव्हा आत्या स्वयंपाकघरातून हललीसुद्धा नाही. "काय गं, पाल?" एवढंच म्हणाली.

पाल नव्हती. आतोबांच्या पलंगाखालची ट्रंक होती.

आत्या एका इस्पितळात बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळत होती. कापसापासून टॉर्चपर्यंत सगळं तिच्या ताब्यात. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि तिने दिलेली टॉर्च पेटलीच नाही, सेल संपलेले होते. पेशंट वाचला, तिला कुणी फारसं बोललंही नाही. पण अंधारात डॉक्टर "उजेड, अहो, उजेड!" म्हणून ओरडत होते, ते काही तिच्या कानातून गेलं नाही. तेव्हापासून आत्याच्या राज्यात रिकामं काही राहत नाही. पिंप काठोकाठ, मिठाची बरणी काठोकाठ, घरातला प्रत्येक फोन शंभर टक्के. पाहुण्याचा फोन टेबलावर दिसला तरी न विचारता चार्जिंगला लावते. नोकरी सुटली, खोड सुटली नाही.

अशा बाईकडे माझ्या धाकट्या भावाने आपल्या बॅटऱ्या ठेवल्या. तो ड्रोन उडवून शूटिंग करतो, म्हणून आत्या त्याला पतंग्या म्हणते. दहा महिन्यांच्या कामावर तो परदेशी निघाला. तिथे ड्रोन मिळणार होता, तेव्हा त्याच्या सहा बॅटऱ्या इथेच राहिल्या. आधी त्याने मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, नको रे बाबा, मला भीती वाटते. हे सांगायला लाज वाटते, पण सांगते.

जाताना त्याने आत्याला कागद लिहून दिला. बॅटरीवर चार्जिंग दाखवणारे चार ठिपके असतात, त्यातले दोनच पेटायला हवेत. पूर्ण भरायची नाही, पूर्ण उतरूही द्यायची नाही. तीन महिन्यांनी बघायचं, कमी झाली असेल तर पुन्हा दोन ठिपक्यांपर्यंतच भरायची. कोरड्या, थंड जागी ठेवायची, कपड्यांत किंवा अंथरुणाजवळ नाही. कुठली फुगलेली दिसली तर चार्जरला लावायची नाही, त्याला लगेच फोन करायचा.

आत्याने कागद वाचला, घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि म्हणाली, "पतंग्या स्वतः अर्धवट, त्याच्या बॅटऱ्याही अर्धवट!" मग दर रविवारी सहाच्या सहा बॅटऱ्या चारही ठिपके पेटेपर्यंत भरत राहिली. वर जुन्या स्वेटरांत गुंडाळल्या, धक्का लागू नये म्हणून. आणि ट्रंक सरकवली आतोबांच्या पलंगाखाली, कारण तिथे कुणाचा हात पोचत नाही.

आतोबा म्हणजे तिचे यजमान. पूर्वी बस चालवायचे. इंजिनाचा वास जरा बदलला की उतारूंच्या शिव्या खाऊन गाडी बाजूला घेणारा माणूस. झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं दोनचार शब्दांवर आलं. दिवसभर त्याच पलंगावर.

त्या रविवारी मी जाऊन बसले, तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "वास," म्हणाले.

"दोन दिवस हेच चाललंय," आत्या आतून म्हणाली. "वास, वास! चादर बदलली, फरशी पुसली, त्यांना आंघोळ घातली. झटक्यानंतर होतात गं असे भास."

मी वाकले. मलाही आला. नेलपॉलिशची बाटली उघडी राहिल्यासारखा, गोडसर. ट्रंक ओढली, वरचा स्वेटर उचलला आणि किंचाळले. एक बॅटरी उशीसारखी फुगली होती. तिचं प्लॅस्टिक शिवणीवर उसवलं होतं. शेजारच्या दोघींचीही पोटं वर आली होती.

भावाला फोन लावला. माझ्या तोंडून धड शब्द फुटेना. "दाबू नकोस, हात लावू नकोस," तो म्हणाला. "आतोबा कुठे आहेत?"

"तिच्यावर."

"म्हणजे?"

"अरे, पलंगावर! ट्रंक खाली, आतोबा वर!"

  तो म्हणाला, "ताई, आधी त्यांना बाहेर काढा. बॅटऱ्या जळू देत. बाहेर गेलात की अग्निशमन दलाला फोन कर."

आतोबा नव्वद किलोंचे. त्यांना खुर्चीत बसवायला रोज एक माणूस यायचा आणि रविवारी त्याची सुट्टी. खरं सांगते, दार चार पावलांवर होतं आणि मनात आलं, पळावं. आत्या दारात येऊन उभी राहिली, तिने ट्रंकेत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने चादरीची दोन टोकं धरली. "तिकडची धर," म्हणाली. 

चादरीसकट त्यांना जमिनीवर उतरवलं, उतरवलं कसलं, पाडलंच, आणि ओढत नेलं. उंबरठ्यावर त्यांची टाच आपटली. ते नुसते आत्याकडे बघत होते. अंगणात पोचतो न पोचतो तोच आतून फुस्स असा आवाज आला, कुकरची शिट्टी अडकल्यासारखा. मग पांढरा धूर, मग भडका. एकामागून एक.

"ट्रंक!" म्हणत आत्या परत धावली. तिच्या ताब्यातली वस्तू ना! मी तिचा दंड धरला आणि सोडला नाही. मी, भित्री भागूबाई. दारातून दिसत होतं: जिथे मघाशी आतोबांचं डोकं होतं, ती उशी जळत होती.

बंब आला, खोली गेली, बाकी घर वाचलं. संध्याकाळी भावाचा फोन आला. चूक माझीच, तुझ्याकडे ठेवायलाच नको होत्या, असं म्हणून तो रडायला लागला. "गप रे," आत्या म्हणाली. "तू दोन म्हणाला होतास, मी चार केले. अति तिथे माती." तिने फोन ठेवला. मग मला म्हणाली, "दोन दिवस सांगत होते गं ते. दोन दिवस."

आता त्या घरात पिंप अजून काठोकाठ असतं, पण पाहुण्यांच्या फोनला ती हात लावत नाही. आणि आतोबा "वास" म्हणाले, की हातातलं टाकून उठते. गॅस बघते, प्लग बघते, पलंगाखाली वाकते, नाक लावून लावून सगळं घर हुंगते.

परवा मी तिथेच होते. आतोबा म्हणाले, "वास." आत्या ताटावरून उठली. सगळ्या खोल्या फिरून आली, घामाघूम. "काही नाही हो," म्हणाली. "कसला वास? नीट सांगा ना, कसला?"

आतोबांच्या तोंडाची डावी बाजू हसली. एकेक अक्षर ओढत म्हणाले, "नाही... वास. बघितलं... उठतेस का."

आत्याने त्यांच्या खांद्यावर चापट मारली आणि मग तिथेच पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडली.