सूतभरचे दोन मिलिमीटर

त्याला सगळे सूतभर म्हणत. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप टेकवताना तो पुटपुटायचा, "सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही." त्यावरून नाव पडलं आणि चिकटलं. बायको होती तोवर तीही रागाच्या भरात याच नावाने हाक मारायची. दुकानाच्या पाटीवर दुसरं नाव होतं, पण ते पोस्टमनशिवाय कुणाच्या कामाचं नव्हतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला कपाट, मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी दोन मशीनं. एका मशीनवर तो चाळीस वर्षं बसला. दुसऱ्यावर आता त्याची मुलगी बसते. तरुणपणी तो एका कारखान्यात विमानतळावरच्या कामगारांचे डगले आणि विजारी शिवायचा. गुडघ्याला दुहेरी कापड, खिशांना झाकणं. हे डगले घालून माणसं ज्या विमानाच्या पोटाखाली पडून काम करतात ते विमान जवळून कसं दिसत असेल, हा प्रश्न त्याला तिथे पडला. उत्तराच्या मागे जाता जाता तो प्लॅस्टिकच्या छोट्या विमानांपाशी पोचला आणि तिथेच राहिला.

खरं सांगायचं तर त्याला विमानं बनवता येत नव्हती. गोंद बाहेर यायचा, रंगात बोटाचे ठसे उठायचे. कापडाचा टाका चुकला तर उसवता येतो. प्लॅस्टिक उसवत नाही. पण दुसऱ्याची चूक त्याला दुरून दिसायची. सायकलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा अकरा पुरुष आपापली विमानं खोक्यांत घालून जमायचे. सूतभर जिना चढून आला की बोलणी थांबायची. तो वाकायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "चाक अर्धा मिलिमीटर पुढे." किंवा काहीच म्हणायचा नाही. त्याने काहीच म्हणू नये म्हणून माणसं वर्ष वर्ष खपायची.

त्या अकरांत खरा हात एकाचाच, त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. दाजी कवळ्या करायचे. माणसाच्या हिरडीचा रंग ज्याला साधला त्याला विमानाचा रंग काय अवघड? त्यांनी खोक्यातून येणाऱ्या सुट्या भागांच्या किटमधून, तीन वर्षं खपून, एक 'म्हैस' बनवली होती. म्हैस हे एका जुन्या बॉम्बफेकी विमानाचं टोपणनाव. मागून रुंद, समोरून मख्ख, आणि उडायचं ते चिखलातून उठल्यासारखं. खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याची ही म्हैस जवळजवळ दोन वितींची होती. वैमानिकाच्या खुर्चीला पट्टे होते, पट्ट्यांना बकलं होती. बॉम्बच्या कप्प्याची दारं बिजागरीवर उघडायची. कप्प्यातले बॉम्बही रंगवलेले होते, आणि ते खाली कुणावर पडत असतील हा विषय त्या खोलीत निघत नसे. ताईने एकदा काढला होता. "माणसं मारायचं यंत्र," ती म्हणाली, "आणि ह्यांना काळजी कशाची, तर बकलाची."

दाजींनी म्हैस टेबलावर ठेवली तेव्हा माणसं खुर्च्यांवरून उठली. सूतभर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

"दाजी, धड लांब वाटतंय."

"किती?"

"ते मोजल्याशिवाय कसं सांगू?"

खरी म्हैस शहराबाहेर, बंद पडलेल्या विमानतळाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या छपराखाली उभी होती. पंखांची मापं पुस्तकांत होती. एकूण लांबी मात्र दोन पुस्तकांत दोन, आणि पंखाच्या मागच्या काठापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं माप कुठेच नव्हतं. वाद तेवढ्याच तुकड्याचा होता. सूतभरने परवानगी काढली. कुणीतरी पोलादी टेप देऊ केला. तो म्हणाला, "पोलाद अंगाला लागत नाही," आणि गळ्यातला कापडी टेप काढला. दोन रविवार तो विमानाच्या पोटाखाली उताणा पडून खडूच्या खुणा करत पुढे सरकला. टेपचं दुसरं टोक दाजींनी धरलं होतं. आलेल्या मापाला अठ्ठेचाळीसने भागलं. एकशे अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. दाजींच्या म्हशीचं तेच अंतर होतं दोनशे.

दोन मिलिमीटर. बाहेरच्या जगात त्याला कोणी विचारत नाही. त्या खोलीत तेवढ्यावर माणसाची झोप जायची.

दाजींनी रंगवून पूर्ण झालेलं विमान पंखामागे करवतीने आडवं कापलं. सूतभर तेव्हा तिथे होता. दोन मिलिमीटरची कडी काढून टाकली, दोन तुकडे जोडले. पण धड शेपटीकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे कडा जुळेनात. भरायचं, घासायचं, पुसून गेलेले रिव्हेटच्या खिळ्यांचे ठिपके एकेक करून सुईने पुन्हा उमटवायचे, रंग द्यायचा, सांधा दिसला की परत घासायचं. यात अकरा महिने गेले. सांधा शेवटी दिसेनासा झाला. सूतभरने वाकून पाहिलं आणि तो काहीच म्हणाला नाही. त्याचं माप विमानवाल्यांच्या मंडळाच्या पत्रकात छापून आलं, मग इतर गावांतल्या पत्रकांतही. किती जणांनी आपापल्या म्हशी कापल्या कोण जाणे. चौदा वर्षं ते माप 'सूतभरचं माप' म्हणून चाललं.

टेपचं बिंग फुटलं ते पँटींमुळे. परगावचं एक गिऱ्हाईक मापं फोनवरून कळवायचं. त्याच्या तीन पँटी गेल्या आणि तिन्ही सेंटीमीटरभर लांब निघाल्या. मुलगी वैतागली. तिने नवी पोलादी मीटरपट्टी टेबलावर ठेवली आणि बाबांचा टेप तिच्यावर ताणून न धरता नुसता पसरला. टेपवरचा शंभरचा आकडा पट्टीच्या बाहेर एक सेंटीमीटर लोंबत होता.

ती हसत सुटली. "बाबा, तुमचा टेप म्हातारा झालाय! ओघळलाय!"

"इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही आली."

"कशी येणार? माणूसही ह्यानेच मोजायचा, कापडही ह्यानेच. दोघांना सारखंच फसवलं की कपडा बरोबर बसतो. ह्या माणसाने घरच्या टेपने मोजलं म्हणून कळलं."

ती हसायची थांबली, कारण बाबा खुर्चीत बसले होते आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर गुणाकार करत होते. एकशे अठ्ठ्याण्णवावर शेकडा एक. पुन्हा केला. दोनशे. किट पहिल्यापासून बरोबर होतं.

"काय झालं?"

"दाजी रविवारी कापणार आहेत."

हे तिलाही ठाऊक होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दाजींनी दुसरी म्हैस करायला घेतली होती. पंच्याहत्तरी उलटलेली, बोटं पूर्वीसारखी राहिली नव्हती; ही शेवटची, असं ते स्वतःच म्हणत. या वेळी शहाणपणाने रंगाच्या आधीच कापायचं ठरलं होतं.

गुरुवार होता. फोन टेबलावरच होता. सूतभरने शुक्रवारी चार सदरे कापले, नव्या टेपने, आणि प्रत्येक वेळी माप दोनदा घेतलं. शनिवारी त्याने स्वतःची समजूत घालून पाहिली. दाजी कापतील, जोडतील, कुणाला काही दिसणार नाही. आजवर कुणाला दिसलं? आयुष्यात त्याला मिळालेला मान एवढाच होता, की सूतभर म्हणाला म्हणजे झालं. वडिलांनी कधी पाठीवर हात ठेवला नाही, कारखान्यात नाव घ्यायची रीत नव्हती. तो मान एका वाक्यात जाणार होता. आणि वाक्य ऐकणारा माणूस अकरा महिने सुईने रिव्हेट टोचत बसला होता.

रविवारी सकाळी त्याने टेप आणि पट्टी पिशवीत घातली आणि बहिणीचं घर गाठलं.

दाजी खिडकीशी बसले होते. धडाचे दोन अर्धे नुकतेच जोडलेले, राखाडी, कोरे. पंखामागे चिकटपट्टीची दोन वळी, मध्ये दोन मिलिमीटरची फट. करवत हातात.

"ये. मुहूर्तावर आलास. धर हे."

"दाजी, कापू नका."

"का? ग्रहण आहे?"

सूतभरने सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, पँटीपासून दोनशेपर्यंत. दाजी ऐकत होते, पण करवत खाली ठेवली नाही.

"पट्टी चुकीची असेल तुझी."

"तीन पट्ट्यांवर लावून पाहिला."

"मग टेप नंतर ताणला असेल. तेव्हा चांगला होता."

"नाही हो दाजी. गुणाकार बरोबर किटवर येतोय. तेव्हाच ओघळलेला होता."

"मी कापणार." दाजींचा आवाज चढला. "तू म्हातारा झालास. तुला आता स्वतःवरच भरवसा राहिला नाही. मी तुझ्या तेव्हाच्या मापाने कापणार."

सूतभरला कळलं की दाजी आपल्या मापाची बाजू घेत नाहीत. ते त्या अकरा महिन्यांची बाजू घेताहेत. त्याने पिशवीतून पट्टी काढली, खिडकीशी ठेवली, तिच्यावर टेप पसरला आणि तो बाजूला झाला. दाजी बघेनात. मग त्यांनी बघितलं. नवे डोळे होते, स्वच्छ दिसलं असणार.

"अकरा महिने," ते म्हणाले. "माझी चांगली म्हैस मी स्वतःच्या हाताने तोडली. का, तर तू म्हणालास."

"हो."

"हो काय म्हणतोस? भांड तरी!"

ताई दारात येऊन उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. एक भाऊ, एक नवरा. कुठे जाऊ?"

दाजींनी करवत खोक्यात ठेवली. नव्या धडावरच्या चिकटपट्ट्या नखाने सोलून काढल्या. मग काचेच्या कपाटातून जुनी म्हैस काढली आणि त्याच्या हातात दिली.

"ही घेऊन जा. मला आता बघवणार नाही. आणि पत्रकात छाप. मोठ्या टायपात."

एवढे रुंद पंख बसच्या दारातून आत जाईनात, म्हणून सूतभर चालत निघाला. पाऊण तास. विमान त्याने नुकत्याच न्हाऊ घातलेल्या मुलासारखं दोन्ही हातांवर धरलं होतं. एका पानवाल्याने आवाज दिला, "काका, आमच्यावर नका टाकू हं!" सूतभर हसला नाही, पण थांबून म्हणाला, "दारं बंद आहेत."

दुरुस्ती छापून आली. त्याने स्वतःच लिहिली: टेप ताणलेला होता, किट बरोबर आहे, ज्यांनी माझ्या शब्दावर कापलं त्यांची माफी. एकाने खोचक पत्र पाठवलं. एकाने कळवलं, 'मी आळसाने कापलं नव्हतं. आळस फळाला आला.' पुढच्या बैठकीत सूतभर जिना चढून आला तेव्हा बोलणी थांबली नाहीत. कुणीतरी सरकून जागा दिली आणि गप्पा चालू राहिल्या. दाजी आले नव्हते. फोनही नव्हता. ताई सांगायची, "काम चाललंय. बोलत नाहीत, पण जेवतात."

म्हैस दुकानात, कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर होती. तीन आठवडे त्याने तिच्याभोवती कापड कापलं. मग एका दुपारी मुलीला म्हणाला, "हिला परत दोनशेची करायची."

"तुम्ही?" मुलगी म्हणाली. "बाबा, तुम्हाला गोंदाची नळी धड उघडता येत नाही."

त्याने दोन मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकची कडी कापली. पहिली वाकडी झाली, दुसरी तुटली, पाचवी बरी निघाली. मग म्हैस फडक्यांच्या गादीवर ठेवली, सांधा जिथे असायला हवा तिथे पेन्सिलीची रेघ मारली आणि करवत टेकवली. हात पुढे जाईना. चाळीस वर्षं महागामोलाच्या कापडात न बिचकता कात्री घालणारा हात.

फोन वाजला. मुलीने उचलला, ऐकलं आणि त्याच्या कानाला लावला. तिनेच आधी आत्याच्या घरी कळवलं असणार.

"कापतोयस म्हणे," दाजी म्हणाले.

"अजून नाही."

"हात पुढे जात नाहीये?"

"हो."

"माझाही जात नव्हता. तू कुठे होतास तेव्हा?"

"समोर बसलो होतो. चहा पीत."

दाजींच्या खोलीत काहीतरी घासल्याचा बारीक आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"ऐक," ते म्हणाले. "उलटी कर. खालून सुरू कर, वरून नको. वरचा रंग चांगला लागलाय."