न झोंबणारा मुळा

परसातला पांढरा मुळा आज उपटला. औषधांनी ह्यांचं तोंड आलं होतं, तिखट अजिबात सोसेना, म्हणून त्यांनीच हे उग्र नसलेल्या मुळ्याचं बी पेरलं होतं. मुळा धरायच्या आत ते गेले.

कोशिंबिरीसाठी किसला, मीठ लावलं आणि सवयीनं घट्ट पिळला. सून म्हणाली, "आई, हा पिळायचा नसतो. बाबा सांगायचे ना?" तोवर गोड पाणी मोरीत गेलं होतं.

त्यांच्या आजारपणात आम्ही भाजी-आमटी मिळमिळीत केली, बोलणंही. मरणाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आता उरलेला चोथा दह्यात कालवून खाताना वाटलं, एकदा तरी झोंबावं. सुनेसमोर डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त पुरलं असतं.