गाडीच्या टपावर ठेवलेला मी

गेल्या आठवड्यात माझ्यावर एक घोर अन्याय झाला, त्याची इथे रीतसर नोंद करून ठेवतो. माझी कानटोपी माझ्याशिवाय होक्काइडोला गेली. लिटिल इंडियात तीन दुकानं पालथी घालून, डोक्यावर चढवून बघून घेतलेली टोपी जपानच्या बर्फात... आणि डोकं इथे जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटमध्ये, बत्तीस डिग्रीत.

झालं असं, की कन्येची ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा संपली म्हणून तिघांची ट्रिप ठरली होती. ऐन वेळी प्लांटच्या देखभालीसाठीच्या शटडाउनने माझी रजा गिळली. बायको म्हणाली, "तुम्ही नाही म्हणून आम्हीही बसायचं का घरी? गाडी मी चालवीन." लायसन्स काढल्यापासून जिने स्टिअरिंगला बोट लावलेलं नाही... ती!

लहानपणी पाठशाळेत मी हिमाची सात नावं पाठ केली होती. तुषार, तुहिन, प्रालेय... आजही झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. प्रत्यक्षात बर्फ पाहिला तो फ्रीझरमध्ये आणि आइस कचांगच्या, म्हणजे इथल्या बर्फगोळ्याच्या, वाटीत. आणि दहावीनंतर संस्कृत सुटलं म्हणून पेढे वाटलेली बाई निघाली हिमदर्शनाला! षड्रिपूंमध्ये मत्सराचा नंबर सहावा. मी त्याला थेट पहिल्यावर आणला.

परवा सकाळी घराजवळ, बुकित पंजांगला कंपनीच्या बसमध्ये बसलो, तोच कन्येचा व्हिडिओ कॉल. आवाज मात्र आईचा. "अहो, घाबरू नका, पण आम्ही जरा चुकलोय."

मोबाइलवरच्या नकाशाने दाखवलेला रस्ता म्हणे हिवाळ्यात बंद असतो. पुढे नुसती पांढरी शेतं, घर नाही की दुकान नाही. मी ताबडतोब सूत्रं हाती घेतली. "लोकेशन पाठव. पुढे जाऊ नकोस. गाडी वळव..." शेजारी डुलक्या काढणारा सहकारी दचकून जागा झाला.

"आई, स्टॉप, स्टॉप, स्टॉप!" कन्या ओरडली. गाडी थांबली, दारं उघडली. कुणीतरी फोन गाडीच्या टपावर ठेवला, आणि मला दिसू लागलं ते फक्त आकाश. निळं, रिकामं.

खाली दोघी खिदळत होत्या. "अगं, हातावर येतंय बघ!" "आई, डोन्ट मूव्ह लाह, तुझ्या केसांत आहे!"

काय आहे केसांत? मी विचारत राहिलो. मधूनमधून "गाडी वळव"ही चालू होतं. चार मिनिटं मी असा टपावर पडून होतो, आणि मग आमचं गेट आलं. प्लांटमध्ये कॅमेऱ्याचा फोन चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ठेवला.

दिवसभर व्हॉल्व्ह तपासत होतो आणि डोळ्यांपुढे बर्फात रुतलेली गाडी. संध्याकाळी पाचला लॉकर उघडला तर एकच मेसेज... "रस्ता मिळाला, बाबा. चिल." बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या मागोमाग जाऊन दोघी मुख्य रस्त्याला लागल्या होत्या.

फोनवर सगळं कळलं. कडाक्याच्या थंडीत हवेतली वाफ हवेतच गोठते आणि वरून ऊन पडलं की तिचा कण न् कण चमकतो. आकाशात ढग नाही, बर्फ पडत नाही, आणि तरी अवतीभवतीची हवाच लखलखतेय... रस्ता चुकला नसता तर त्या तिकडे फिरकल्याही नसत्या.

"तुमच्या सात नावांत बसतं का हो हे?" सौभाग्यवतींनी विचारलं. सातही तपासली. नाही बसत.

कन्या म्हणाली, "बाबा, तुला खूप आवडलं असतं. पण तू असतास ना, तर आम्हाला गाडीतून उतरूच दिलं नसतंस."

यावर मी काहीतरी विनोद केला. पण तिचं खरं होतं. मी गाडी वळवून, हीटर लावून, त्या दोघींना वेळेवर हॉटेलात पोचवलं असतं. काही न दिसता.

येत्या ऑगस्टमध्ये ती अशाच एका थंड देशात शिकायला चालली आहे, चार वर्षांसाठी. तिथे ती वाट चुकेल आणि शोधेलही, एवढी खात्री आता मला आहे. पण असं काही दिसलं, की ते बाबाला सांगावं असं तिला वाटेल का... याची मला काळजी वाटते. खरंच वाटते.