बायसिकलवरून नाशिक आणि डोंबिवलीचे खळे

माघात प्लेगमुळे आमची शाळा बंद झाली आणि मास्तराला घरी बसून करण्यासारखे काही उरले नाही. विलायतेस परत जाणाऱ्या एका साहेबाकडून मी बायसिकल घेतली होती. ठाण्याच्या तलावाभोवती ती फिरवून कंटाळलो होतो. थोरली बहीण नाशकास असते, तिला भेटून येतो म्हणालो. आई म्हणाली, आगगाडीने जा. पण खेटून बसण्यापेक्षा उघड्या रस्त्यावर एकटा बरा, हे जानकीला, म्हणजे माझ्या बायकोला, पटले आणि मी निघालो.

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांच्यासाठी सांगतो. खाडी तरीने ओलांडावी लागते. बायसिकलीला माणसाचे भाडे लावावे की गाडीचे, यावर तरवाल्याने बराच विचार केला आणि शेवटी बकरीचे लावले. भिवंडीच्या पुढे आग्र्याचा रस्ता खडीचा आहे, पण चांगला दाबलेला. बैलगाड्यांच्या चाकोरीत मात्र चाक घालू नये. विहिरी भरपूर, सावली कमी. प्लेगच्या भीतीने पुष्कळ गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या आणि ठाण्याच्या माणसाला आत घेत नव्हते. तरी शहापूरच्या अलीकडे एका बाईने काट्यांपलीकडून भाकरी नि कांदा फडक्यात बांधून फेकला, आणि फडके परत नको म्हणाली. कसाऱ्याचा घाट बायसिकलीवरून चढणे माझ्याने झाले नाही. एका गवताच्या गाडीवाल्याने ती गवतावर टाकली आणि मी मागून चालत गेलो. इगतपुरीला थंडी फार. तिथे एका पेन्शनर हवालदाराने मला ओसरी दिली आणि स्वतःची कांबळही दिली.

बहिणीकडे आठवडाभर राहून परत फिरलो. उताराला ब्रेक दाबून तळहातांना फोड आले, बाकी त्रास नव्हता. एका स्नेह्याला भेटावे म्हणून शहापुराहून कल्याणला वळलो. वेशीवर डॉक्टरने नाडी आणि काखा पाहून सोडले. स्नेह्याच्या घराला कुलूप होते. तो बायकामुलांना घेऊन कोकणात गेल्याचे शेजाऱ्याने खिडकीतूनच सांगितले. मग डोंबिवली, दिवा, मुंब्रा या गाडीवाटेने ठाणे गाठायचे ठरवले.

डोंबिवली जवळ आली तेव्हा भर उन्हात मला हुडहुडी भरली. एका बांधाशी उतरलो, बायसिकल आडवी केली आणि तिच्याशेजारीच पडलो.

समोरच्या खळ्यावर एक आगरी नवराबायको पेंढ्याची उडवी रचत होते. गोमा आणि चांगी ही त्यांची नावे मला मागाहून कळली. गोमा थोड्या अंतरावर येऊन उभा राहिला आणि गाव विचारले. खोटे सांगावे असे क्षणभर मनात आले, पण ठाणे म्हणालो. ताप आहे, जवळ येऊ नका, असेही सांगितले. तो परत गेला. दोघे बराच वेळ हळू आवाजात बोलले. मग चांगी तांब्या घेऊन आली आणि नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "बामन हाय. आपल्या हातचा पानी पिल का?"

आमच्या घरात पाण्याचा घडा कोणी शिवायचा याचे नियम आहेत. ते मी जन्मभर पाळले होते.

"पितो," मी म्हणालो.

खळ्याच्या कडेला राखणीची झोपडी होती. तिच्यात पेंढा पसरून त्यांनी मला निजवले. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. चांगी भाताची पेज करून माझ्या तोंडाला लावी. ती तिने कोऱ्या मडक्यात शिजवली होती, कारण घरच्या मडक्यांत मासळी होते. मला गाठ आली आहे का, हे गोमा रोज सकाळी पाही. दोघे संध्याकाळीही घरी जात नसत. विचारले तर गोमा म्हणे, राखण आहे. त्यांचे पाणी आणि तांदूळ कोणीतरी बांधावर ठेवून जाई.

एके दुपारी घाम फुटून ताप उतरला आणि मी उठून बसलो. त्याच दिवशी गावचा पाटील बांधापलीकडे उभा राहिला आणि तिथूनच ओरडून म्हणाला की मास्तर गेल्यावर आणखी थोडे दिवस बघू, मग गोमा, तुम्ही दोघे घरी या, पोरे रडतात.

तेव्हा मला उमगले. मला हाकला, नाहीतर तुम्हीही गावाबाहेर राहा, असे गावाने त्यांना सांगितले होते. मुले गोमाच्या भावाकडे होती. मला सांगितले का नाही, असे मी चांगीला विचारले.

"सांगला असता तं तुमी उठून गेला असता," ती म्हणाली आणि मडके घासायला गेली.

निघताना गोमा दिव्यापर्यंत आला. मला हात लावू न देता, बैलाची शिंगे धरावीत तशी मुठींना धरून त्याने बायसिकल ढकलली. मुंब्र्यापासून रस्ता सपाट आहे, पारसिकच्या डोंगराखालून सावकाश गेलो.

घरी आईने मला ओटीवरच थांबवले, आणि ते बरोबरच होते. मी सगळे सांगितले. ती म्हणाली, जिवावरचे होते, देव समजून घेईल. स्नान कर, भटजींना बोलावते, पंचगव्य घे म्हणजे झाले.

मी स्नान केले. पंचगव्य घेणार नाही म्हणालो. ते घेतले तर ती पेज विटाळाची होती असे मीच कबूल केल्यासारखे होईल.

"मग तुझे पान ओटीवरच मांडावे लागेल," आई म्हणाली.

"मांड."

शाळा आता उघडली आहे. नाशिकची वाट कशी आहे, असे लोक विचारतात आणि मी वर लिहिले ते सांगतो. जेवण अजून ओटीवरच. जानकी वाढते आणि माझे होईपर्यंत उंबऱ्याच्या आत बसून राहते. काल भात वाढायला आई स्वतः आली. वाढून झाल्यावरही उभीच होती. मग तिने विचारले, त्या बाईची मुले केवढाली आहेत?

मला सांगता आले नाही. मी तिथे असेपर्यंत ती मुले आपल्या आईजवळ आलीच नव्हती.