भोपळ्यांच्या ट्रकखालची गोलकीपर

आम्ही जुन्या फुटबॉलवाल्या जमलो की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो आणि चहा गार होतो. ऐंशी सालच्या आसपास मी नाशकात मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होते. मुलींचा फुटबॉल म्हटलं की लोक हसायचे. माझा हट्ट एकच, आपली एक तरी पोरगी राज्याच्या संघात घालायची! आणि पोरगी हेरण्यात माझा डोळा चुकत नाही, हे आजही छातीठोकपणे सांगते.

*

मोठ्या बाईंचा हाफपँटला साफ नकार. "स्कर्ट, तोही गुडघ्याखाली!" पहिल्याच मॅचला बॉल आमच्या शोभाच्या स्कर्टमध्ये अडकला आणि ती तशीच पळत सुटली. समोरच्या मुली बॉल शोधतायत! शोभा गोलमध्ये पोचून उड्या मारायला लागली, तेव्हा कुठे बॉल खाली पडला. रेफ्री मला म्हणाला, "बाई, गोल कुणाच्या नावावर लिहू? पोरीच्या की टेलरच्या?"

दुसऱ्या दिवशी हाफपँट मंजूर!

*

विंगवरची नलू बसस्टॉपवर सापडली. सुटलेली सातपूरची बस ती रोज धावून गाठायची. मी कंडक्टरला म्हटलं, "थांबत जा की जरा!" तो म्हणाला, "थांबलो तर मजा काय? अख्खी गाडी मागं बघत असते!"

दिवाळीत तिच्या वडिलांनी सायकल घेतली. मी तडक त्यांच्या घरी. "काका, सायकल परत करा, माझी विंग बसेल!"

*

गोलकीपर मात्र मिळेना. एकदा भाजीबाजारात ट्रकमधून लाल भोपळे उतरत होते. वरचा फेकतोय, खाली एक मुलगी झेलून मागच्याकडे देतेय, एकही निसटत नाही. ती हिरा, गिरणारे गावाकडच्या शेतकऱ्याची मुलगी. "फुटबॉल? पोरगी हाय वो बाई!" बाप म्हणाला. मी खूप खेटे घातले, तेव्हा "लगीन ठरंपर्यंत खेळंल" यावर मिटलं.

पहिल्या मॅचला हिरानं सुरेख बॉल झेलला आणि सवयीनं मागं दिला. थेट आमच्याच गोलमध्ये! मध्यंतरात सांगितलं, "मागचा माणूस आता पुढं उभा आहे, असं समज." त्यानंतर तिचा थ्रो अर्ध्या मैदानाच्या पार!

*

राज्याच्या संघाची निवड नाशकातच होती. नेमके त्याच दिवशी हिराला बघायला पाहुणे येणार होते. ती घरी न सांगता मैदानावर आली. खेळ रंगात आला आणि बाप लाईनीवर हजर! "हिरे, चल! पाहुणे येऊन बसलेत!" एवढी मेहनत घेतलेली पोरगी हातची जाणार.

तेवढ्यात तिच्या संघाविरुद्ध पेनल्टी. हिरा ओरडली, "आबा, एवढा एक आडवते अन् येते!"

अडवला! पण रेफ्री म्हणाला, कीपर आधी हलली, पुन्हा मारा. बाप मैदानातच घुसला. "पुन्हा कशापायी? आडवला की पोरीनं! समद्यांनी बघितलाय!" त्याला धरून बाहेर काढलं.

हिरानं दुसराही अडवला. निवडीला आलेले साहेब मला म्हणाले, "बाई, ही आमची."

इतक्यात हिराचा काका धापा टाकत आला. "दादा, पाहुणे खोळंबलेत! काय सांगू त्यांना?"

बापानं गोलवरची नजर काढली नाही.

"सांग, पोरगी कामात हाय!"