ऊ पुन्हा उसवला

ताईच्या घरी हास्यक्लबच्या बायका समाचाराला आल्या आणि हसल्या, तिथून हे सगळं सुरू झालं.

भावजी जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, सदाशिव पेठेतल्या फ्लॅटमध्ये एकटीच राहत होती. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, आणि स्वभाव असा की सांत्वन करायला आलेल्या माणसाचं व्याकरण सुधारून त्याला परत पाठवायची. तरी लोक येतच होते. कुणी म्हणालं, कुत्रा पाळा. कुणी म्हणालं, एखादी खोली विद्यार्थिनींना द्या, तेवढीच सोबत. एक गृहस्थ केरळच्या सहलीचं पत्रक घेऊन आले आणि बोलता बोलता स्वतःच जायचं ठरवून गेले. मग हास्यक्लबच्या बायका आल्या. त्यांनी चहा घेतला, सोफा भिंतीला सरकवला, ताईला मध्ये घेऊन गोल केला, हात वर केले आणि हसल्या. ताईच्या म्हणण्यानुसार त्या बराच वेळ हसल्या आणि जाताना सोफा तसाच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "तुला ते मॅटीवरचं भरतकाम येतं ना, फुल्याफुल्यांचं? मला दारावर लावायला एक पाटी करून दे."

क्रॉस स्टिच मला येतं. पण मी ते किती हळू करते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कपाटात एक पोपट आहे, त्याला चोच नाही. एक झोपडी आहे, तिला छप्पर आहे पण भिंती नाहीत. नणंदेच्या मुलीच्या बारशासाठी घेतलेलं अस्वल ती बारावीला गेली तरी मानेपर्यंतच आलेलं होतं. ताईला हे माझ्याहून जास्त माहीत होतं, कारण त्यावरून सगळ्यात जास्त टोमणे तीच मारायची.

"अगं, लक्ष्मी रोडला ॲक्रिलिकची पाटी तासाभरात करून मिळते," मी म्हटलं.

"मला हाताने केलेली हवी. मजकूर घे."

मजकूर असा होता: 'विनाकारण बेल वाजवू नये. कारण असल्यास ते आधी स्वतःला पटवून पाहावे. पटल्यास घरी जाऊन पुन्हा विचार करावा.' मी सांगितलं की माझ्या वेगाने हे व्हायला मला पुन्हा जन्म घ्यावा लागेल आणि तेव्हा मला भरतकाम येत असेलच असं नाही. मग घासाघीस झाली. शेवटी 'आत येऊ नये' यावर तडजोड झाली.

फोन ठेवला तेव्हा मला हसू येत होतं, पण ते टिकलं नाही. ताई बोलते ते करते. मालिका बघायच्या नाहीत असं तिने एकदा ठरवलं, तर टीव्हीच विकून टाकला. ही पाटी दारावर लागली की लोक खरंच यायचे थांबतील, ती दार लावून घेईल, आणि ते दार मलाही लागलेलंच असेल, अशी मला धास्ती वाटली. पण थोरल्या बहिणीला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी मॅटी आणली, लाल दोऱ्याच्या लड्या आणल्या.

पहिली अडचण नमुन्याची. इंटरनेटवर क्रॉस स्टिचचे नमुने ढिगाने आहेत, पण ते सगळे टेडी बेअरचे, ट्यूलिपचे किंवा इंग्रजीत घराची स्तुती करणारे. 'आत येऊ नये' असा नमुना जगात कुणी काढलेला नव्हता. मग मी हिंजवडीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, एक्सेलची शीट उघडली, सगळे रकाने अरुंद करून चौकोन केले आणि एकेक चौकोन लाल रंगवत अक्षरं पाडायला लागले. मॅटीच्या चौकोनाला आम्ही घर म्हणतो. एक फुली म्हणजे एक घर. ऊचं वळण काही केल्या जमत नव्हतं, म्हणून तेवढी घरं मी पिवळी करून ठेवली.

दुपारच्या मीटिंगमध्ये मी स्क्रीन शेअर केली आणि चुकून तीच शीट उघडली. समोर परदेशातला क्लायंट, शेजारी माझा मॅनेजर. मॅनेजरला मराठी येत नव्हतं, आणि शीट एवढी मोठी करून ठेवलेली की दिसत होता फक्त ऊचा तुकडा. क्लायंटने विचारलं, पिवळं काय आहे?

"अजून निर्णय व्हायचाय," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"आणि लाल?"

"ते पक्कं आहे. पण अजून सुरू नाही."

क्लायंट म्हणाला, इतक्या प्रामाणिकपणे कुणी स्थिती दाखवत नाही. मॅनेजरने मान डोलावली. तेव्हापासून दर सोमवारी ती शीट दाखवायची असं ठरलं. मी केलेल्या टाक्यांची घरं हिरवी करून न्यायची. एका सोमवारी हिरवं पुन्हा पिवळं झालेलं दिसलं, तेव्हा क्लायंटने काळजीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, रिव्ह्यूमध्ये परत आलं. त्यानेही उसासा टाकला. आमचं खरं सॉफ्टवेअर त्या काळात कुठवर आलं होतं, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही.

टाके घालायला वेळ मिळायचा तो कंपनीच्या बसमध्ये. कोथरूडहून हिंजवडीला जाताना बस इतकी उभी असते की त्यात चादर भरून व्हावी. पण गेटवरच्या सिक्युरिटीने पहिल्याच दिवशी माझी छोटी कात्री काढून घेतली. सुईला त्यांचा आक्षेप नव्हता, कात्रीला होता. मग मी दोरा नेलकटरने तोडायला लागले. शेजारी बसणाऱ्या मुलीला बरेच दिवस वाटत होतं की मी फार मन लावून नखं कापते आणि त्यांना लाल रंगही लावते. खुलासा केल्यावर ती माझ्याशी कमी बोलायला लागली.

घरी तर विचारूच नका. आ पूर्ण झाला तेव्हा गणपती आले होते. त ला सुरुवात केली आणि कामवाल्या बाई गावाला गेल्या. सुई हरवली, ती नवऱ्याला सापडली, बसल्यावर. त्यानंतर तो प्रत्येक खुर्चीवर आधी हात फिरवून मग बसायचा, आणि पाहुण्यांनाही तसंच करायला लावायचा. ये दिवाळीच्या तोंडावर झाला, एका मात्रेसकट. चकलीच्या पिठाचा एक डाग त्याच्या दांडीवर अजून आहे.

रविवारी मी झालेलं काम ताईला दाखवायला न्यायची. सुरुवातीला ती दार साखळीपुरतं उघडून फटीतूनच कापड बघायची. आ बघून म्हणाली, बरा आहे. त बघून म्हणाली, चालेल. ये पसंत पडला. मग मी पुढच्या आठवड्यात ऊ करून नेला.

तिने चष्मा लावला, साखळी काढली, मला आत घेतलं आणि कापड खिडकीपाशी नेलं.

"हा ऊ नाही. हा उ आहे आणि त्याला दिवस गेलेत."

"ताई, दीर्घच आहे. शेपूट बघ ना."

"ही शेपूट नाही, लोंबणारा दोरा आहे. उसव."

उसवणं हे घालण्यापेक्षा किचकट. एकेक फुली मागून सोडवायची, दोरा तुटू द्यायचा नाही. मी तिथेच उसवत बसले आणि मनातल्या मनात तिला नको ते बोलत राहिले. तिने चहा ठेवला. पुढच्या रविवारी ऊ पुन्हा नेला, तो म्हणे शिरोरेषेपासून सुटला होता. पुन्हा उसवला. त्या दिवशी पोहे होते. त्याच्या पुढच्या रविवारी एक घर चुकलं होतं, म्हणजे तिच्या मते. मी नमुना काढून दाखवला, घरं मोजून दाखवली. ती म्हणाली, नमुनाच चुकला आहे. उसवून होईपर्यंत दुपार झाली आणि तिने वरणभाताचा कुकर लावला, दोघींपुरता.

मी घरी येऊन नवऱ्यापुढे भडाभडा बोलले. म्हटलं, ही बाई मला ऊ पुढे जाऊ देत नाही. आता न आणि ये एवढंच उरलंय, ये तर मला पाठ आहे, पण हा ऊ माझा जीव घेणार. नवरा खुर्चीवर हात फिरवत होता. तो म्हणाला, "त्यांना पाटी हवी असती तर त्यांनी तुला कशाला सांगितली असती?"

मला एवढा राग आला की मी त्या दिवशी त्याच्याशी बोललेच नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये, वाकडच्या पुलाखाली, मला त्याचं म्हणणं कळलं आणि मी रडले. शेजारची मुलगी उठून मागच्या सीटवर गेली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम निर्दोष ऊ नेला. त्यात खोट काढायला पाणिनी आला असता तरी हात हलवत परत गेला असता. ताईने तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाली, "रंग जरा जास्त लाल झालाय." सगळी अक्षरं एकाच लडीची होती. मी सुई काढून उसवायला बसले. तिने मेथीची भाजी निवडायला घेतली आणि भावजींबद्दल बोलायला लागली. ते गेल्यापासून पहिल्यांदाच. ते मेथीची देठं ठेवायचे आणि ती टाकायची, यावरून त्यांचं लग्न झाल्यापासून भांडण होतं, आणि आता देठं टाकताना हात अडतो, असं म्हणाली. मी खाली बघून फुल्या सोडवत होते. उसवून झाल्यावर ती म्हणाली, "कापड इथेच ठेव. मी बघते काय ते."

आठवडाभर तिचा फोन आला नाही. मला वाटलं, आता उरलेलं ती स्वतःच करणार, किंवा सरळ ॲक्रिलिकची आणणार. शुक्रवारी बसमध्ये तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. ताई असल्या ग्रुपात राहत नाही, तिच्या वतीने मी आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी ताईच्या दाराचा फोटो टाकला होता. दारावर माझी मॅटी, खिळ्यांनी नीट ताणून बसवलेली. त्यावर लाल अक्षरांत 'आत ये', आणि पुढे रिकामी घरं.

खाली काकांनी लिहिलं होतं: 'सदर पाटीद्वारे इमारतीतील सर्व ज्येष्ठांना एकेरीत संबोधण्यात आले आहे. मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे. आईनंतर मला कोणीही "आत ये" असे म्हटलेले नाही. योग्य ती दुरुस्ती व्हावी.'

मग ग्रुप पेटला. कुणी सुचवलं, मात्रा उसवून एक काना दिला की 'या' होईल. कुणी म्हणालं, 'यावे' जास्त शोभेल. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने अंगठा दाखवला, तो नेमका कशाला हे कळेना. सेक्रेटरींनी हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ असं जाहीर केलं, पाण्याच्या टाकीच्या आधी. मी ताईला फोन लावून सगळं वाचून दाखवलं. काकांच्या आईचं वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं.

मग म्हणाली, "त्यांना कळव, पाटी त्यांना उद्देशून नाही. पण ते आले तर मी तोंडी 'या' म्हणेन."

"आणि पाटी कुणाला उद्देशून आहे?" मी विचारलं.

"कुकर झालाय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी पिवळी आणि उरलेली लाल घरं पांढरी करून नेली आणि सांगितलं, एवढा भाग रद्द झाला. क्लायंट म्हणाला, चांगला निर्णय. मग त्याने खरं सॉफ्टवेअर कधी मिळेल असं विचारलं आणि मॅनेजर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघायला लागला.

रविवारी मी सवयीने सुईदोरा घेऊनच निघाले. जिना चढून वर आले आणि दारापाशी थांबले. ताईने माझं काम भिंगातून बघावं तसं मी तिचं बघितलं. खिळे एका रेषेत होते. उसवलेल्या ऊच्या जागी भोकं जराशी मोठी झाली होती, तेवढंच. माझ्या हातची, दारावर लागलेली ही पहिली गोष्ट, आणि तीही अर्धवट. डोळे पुसले, पदर नीट केला आणि बेल वाजवली.

आतून कप ठेवल्याचा आवाज आला. काका काहीतरी बोलत होते. मग ताईचा आवाज आला, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.

"बेल काय वाजवतेस? वाचता येत नाही का?"