बळीरामचा धडधाकट गुडघा

बळीराम माहा लहान भाऊ. आमच्या वस्तीतून फौजेत गेलेला पह्यला माणूस. भरतीच्या मैदानात त्याले घेऊन गेलो तो मी. चवथी शिकलेला, इतवारीच्या बाजारात दोन-दोन पोती एकदम उचलणारा मी. भाऊ कसा घडवावा, ते माह्याकडून शिकावं!

सहा महिन्यांनी, सत्तर साली, तो ट्रंक घेऊन परत आला. ट्रेनिंगमधी हातगोळ्याची पिन काढली अन् त्याचा हात उघडेच ना. शिकवणाऱ्या उस्तादानं गोळा हिसकून फेकला, म्हणून दोघं वाचले. मंग दोनदा मोका भेटला. यानं गोळ्याले हातच लावला नाही. फौजेनं घरी पाठवलं.

मी म्हटलं, "कोणाले सांगू नोको. गुडघा मोडला म्हण. अन् लंगड."

"दादा, गुडघा तं बरा हाय ना."

"मी सांगून राह्यलो ना? लंगड!"

वर्षभर लंगडला. माय रोज गुडघ्याले तेल चोळे. कधी चुकून दुसराच पाय लंगडे, मंग मी खोकलून इशारा करो. हिंगण्याच्या कारखान्यात भरती चालू होती, पण लंगड्याले कोण घेते? घरात बसून बसून पोरगं वाळून गेलं.

दसरा जवळ आला. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या वस्तीच्या पथकाची कवायत चालू होती. चाळीस माणसं, चाळीस दिशा. शिकवणारे नत्थूजी म्हातारे, आवाज निघे ना. आमी दोघं कडेले बसून पाहून राह्यलो होतो. बळीराम एकदम उठला अन् मैदानात चालला. सरळ! मी खोकललो. पुन्हा खोकललो. त्यानं वळून पाह्यलं नाही.

"काहून गा, पाय बरा झाला काय?" नत्थूजीनं विचारलं.

"मोडलाच नव्हता. हातगोळ्याले भेलो, म्हणून फौजेनं घरी पाठवलं."

सारे खदखद हासले. "मंग भेकडापासून काय शिकाचं बे?" रांगेतून एक जण बोलला.

"भेव काय असते ते मले तुमच्याहून जास्त मालूम हाय. कवायत बी जास्त येते. शिकाचं तं उभे राहा, हासाचं तं तिकडं जाऊन हासा. सावधान!"

तिघं गेले. सदतीस राह्यले.

मी शरमेनं खाली मान घातली होती. माय बी कवायत पाहाले आली होती, माह्या मांगंच उभी होती. म्हणे, "मंग माह्यं वर्षभराचं तेल?" मी पुन्हा खोकललो.

पण दसऱ्याले ते सदतीस एका तालात पाय टाकत चालले. आता इतवारीत मीच साऱ्याइले सांगतो, माहा भाऊ भेला होता. कोणी हासलं तं म्हणतो, साऱ्यादेखत 'मी भेलो' म्हणाची छाती तुह्यात हाय काय? असन तं ये, मंग हास.